जुना डायलचा टेलिफोन: छंद, ठेवा की गुंतवणूक?

बोट घालून चकती फिरवायची आणि ती कर्रकर्र करत परत येईपर्यंत थांबायचे, असा टेलिफोन आता घराघरांतून गेला. पण तोच फोन वेगळ्या वाटेने परत येऊ लागला आहे. मुंबईच्या चोर बाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात, जुन्या वस्तूंच्या ऑनलाइन जाहिरातींत तो मांडलेला दिसतो. काही हौशी लोक खास रंगांचे फोन शोधत फिरतात. त्यातही प्लास्टिकमध्ये दोन-तीन रंग ढवळल्यासारखे मिसळून संगमरवरासारख्या लाटा उमटलेला फोन दिसला, तर किंमत एकदम चढवून सांगितली जाते.

इथे छोट्या बचतदारापुढे दोन प्रश्न येतात. घरात असा फोन असेल तर त्याचे काय करायचे? आणि घरात नसेल, तर "पुढे भाव येईल" म्हणून तो विकत घ्यायचा का? या दोन प्रश्नांची उत्तरे या लेखात पाहू. हाच हिशोब जुन्या रेडिओला, ग्रामोफोनला, घड्याळाला आणि नाण्यांनाही लागू पडतो.

हा फोन आपल्याकडे आला कसा

आपल्या देशात मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या शहरांत १८८२ साली टेलिफोन सुरू झाले. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये बंगळूरला इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज हा सरकारी कारखाना उभा राहिला आणि देशातले बहुतेक फोन तिथूनच येऊ लागले. आपल्या आठवणीतला जड, काळा फोन बहुधा तिथलाच.

त्या काळी फोनसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. जोडणी मिळाली तरी यंत्र सहसा टेलिफोन खात्याच्या मालकीचे असे. ग्राहक अनामत भरी, भाडे देई आणि जोडणी बंद केली की यंत्र परत करी. म्हणून आज बाजारात दिसणारा फोन कोणत्या वाटेने आला, हे विचारणे चुकीचे नाही. काही फोन भंगाराच्या लिलावातून आलेले असतात, काही कचेऱ्यांच्या अंतर्गत जोडण्यांचे असतात, तर काही परदेशातून आणलेले. घेताना पावती मागायची, त्याचे पहिले कारण हेच.

लाटांचा रंग दुर्मीळ का

जुन्या फोनची खोकी बेकेलाइटची असत. लिओ बेकलंड या रसायनशास्त्रज्ञाने १९०७ मध्ये तयार केलेला हा पदार्थ टणक असतो, तापला तरी वितळत नाही आणि त्यातून वीजही जात नाही. पण तो मुळातच गडद रंगाचा. म्हणून त्याची वस्तू काळी किंवा तपकिरी निघे. हस्तिदंती, लाल, हिरवा असे रंग नंतरच्या प्लास्टिकमुळे शक्य झाले. ब्रिटनमध्ये १९३० च्या दशकात असे रंगीत फोन मिळू लागले, पण घरोघरी काळाच राहिला. अमेरिकेत वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा ५०० क्रमांकाचा प्रसिद्ध फोन १९४९ मध्ये आला, तोही आधी काळाच होता. रंग काही वर्षांनी आले.

लाटांचे डिझाइन दोन प्रकारे तयार होते. काही कारखानदार दोन छटांची भुकटी मुद्दाम एकत्र करून साच्यात दाबत. दुसरा प्रकार योगायोगाचा. साच्यात प्लास्टिक भरणाऱ्या यंत्राचा रंग बदलताना आधीच्या रंगाचा उरलेला माल नव्यात मिसळतो आणि पहिले काही नग लाटालाटांचे निघतात. असे नग सहसा बाजूला काढून दळायला टाकतात. एखादा चुकून बाहेर गेला, तर तोच पुढे संग्राहकाला हवासा वाटतो.

यात पैशाच्या दृष्टीने एक मुद्दा आहे. वस्तू दुर्मीळ असणे आणि तिला गिऱ्हाईक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. देशात अशा रंगाचे दहाच फोन असतील, पण ते हवे असणारे पाचच लोक असतील, तर भाव त्या पाच जणांच्या खिशावर ठरतो. सोन्याची अंगठी कोणत्याही गावात मोडता येते. लाटांचा फोन मोडायला योग्य माणूस सापडावा लागतो.

काशीच्या वाड्यातले एक उदाहरण

वाराणसीत अमृतराव पेशव्यांच्या नावाने ओळखला जाणारा अमृतराव घाट आहे. गंगेकाठच्या त्या भागात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली. समजा, अशाच एका कुटुंबाचा जुना वाडा रिकामा करायचा आहे. एक भाऊ काशीत, दुसरा नागपुरात, बहीण ठाण्याला. दिवाणखान्याच्या कोनाड्यात हिरव्या-पांढऱ्या लाटांचा डायलचा फोन आहे आणि त्याखालच्या खणात कागदांचे गाठोडे.

भंगारवाला फोनचे चारशे रुपये देतो म्हणतो. जुन्या वस्तूंचा व्यापारी दोन हजार सांगतो. भाच्याने मोबाइलवर पाहिलेल्या एका जाहिरातीत तसाच फोन पंचेचाळीस हजारांना लावलेला आहे. तिघा भावंडांत कुजबुज सुरू होते. कोणी म्हणते, "विकू नका, लाखाचा होईल." कोणी म्हणते, "वाटणीत मला फोन द्या, भांडी तुम्ही घ्या."

इथे खुद्द अमृतरावांची गोष्ट आठवण्यासारखी आहे. १८०३ मध्ये इंग्रजांशी करार करून त्यांनी सालिना सात लाख रुपयांची नेमणूक घेतली आणि पुढचे आयुष्य काशीच्या परिसरात काढले. त्यांच्या राजकारणाचे मूल्यमापन इतिहासकार करतील. आपल्यापुरता मुद्दा एवढाच की नेमणूक म्हणजे दरवर्षी हातात येणारी रक्कम. फोनला अशी नेमणूक नाही. तो कोनाड्यात दहा वर्षे राहिला तरी एक पैसा व्याज देत नाही. उलट पुसणे, सांभाळणे, दुरुस्त करणे यात आपलेच पैसे जातात. त्यातून फायदा व्हायचा तर एकाच मार्गाने, कोणीतरी जास्त किंमत देऊन तो विकत घ्यायला हवा.

म्हणून भावंडांनी आधी फोनखालचा खण उघडावा. त्या गाठोड्यात टेलिफोनच्या अनामतीची पावती असू शकते. जोडणी कधीच रीतसर बंद केली नसेल, तर त्या अनामतीची चौकशी संबंधित टेलिफोन कार्यालयात करता येते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे जुनी पासबुके, मुदत ठेवीच्या पावत्या, पोस्टाची प्रमाणपत्रे, विम्याचे कागद. ज्या बँक खात्यावर दहा वर्षे व्यवहार झाला नाही, त्यातली रक्कम बँक रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागृती निधीत जमा करते. पण ती बुडत नाही. खातेदार किंवा त्याचे वारस बँकेकडे अर्ज करून ती परत मागू शकतात. अशा ठेवी शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये ‘उद्गम’ हे संकेतस्थळ सुरू केले आहे. कोनाड्यातल्या फोनपेक्षा खणातला कागद जास्त किमती निघण्याची शक्यता मोठी आहे.

मागितलेली किंमत आणि हातात पडणारी किंमत

जाहिरातीत लिहिलेले पंचेचाळीस हजार ही विकणाऱ्याची इच्छा आहे. तो फोन त्या किमतीला विकला गेला, असे त्यातून कळत नाही. कदाचित तीच जाहिरात तीन वर्षे तशीच पडून असेल. किंमत कळून घ्यायची असेल तर प्रत्यक्ष झालेले सौदे पाहा. लिलावात हातोडा कितीवर पडला, व्यापाऱ्याने मागच्या वेळी कितीला घेतला, हे विचारा. तीन वेगवेगळ्या व्यापाऱ्यांना "तुम्ही आज रोख किती द्याल?" एवढाच प्रश्न करा. तीन उत्तरांतले मधले उत्तर तुमच्या फोनच्या आजच्या किमतीच्या जवळ असते.

आता विकत घेणाऱ्याचा हिशोब मांडू. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, तुम्ही तुमचे आकडे घालून पाहा.

- फोनची खरेदी: ६,००० रुपये
- दुरुस्ती, वायर, पॉलिश: १,००० रुपये
- एकूण गुंतलेले पैसे: ७,००० रुपये

आठ वर्षांनी दुकानात तसाच फोन १२,००० रुपयांना लावलेला दिसला. किंमत दुप्पट झाली म्हणून आपण खूश होतो. पण विकायला गेल्यावर व्यापारी १२,००० देत नाही. त्याला दुकानाचे भाडे आहे, गिऱ्हाईक येईपर्यंत माल अडकून राहतो आणि त्याचा नफाही सुटायला हवा. तो ७,५०० देतो. बांधणी आणि वाहतुकीचे ५०० गेले. हातात ७,००० रुपये. म्हणजे आठ वर्षांत जिथे होतो तिथेच, आणि मधल्या काळात महागाई वाढलेली.

तेच ७,००० रुपये साडेसहा टक्के वार्षिक चक्रवाढ व्याजाने मुदत ठेवीत ठेवले असते, तर आठ वर्षांनी सुमारे ११,५८५ रुपये झाले असते. व्याजावरचा कर लागू असेल तर तो यातून वजा होईल. फोनमधून तेवढीच रक्कम हातात यायची असेल, तर याच प्रमाणाने दुकानातली किंमत १९,३०० रुपयांच्या आसपास जायला हवी. सहा हजारांचा फोन तिपटीहून महाग झाला, तेव्हा कुठे तो साध्या मुदत ठेवीच्या बरोबरीला येतो.

याशिवाय ठेवीला एक आधार आहे. विमा उतरवलेल्या बँकेतील प्रत्येक ठेवीदाराची मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाख रुपयांपर्यंतची रक्कम ठेव विमा महामंडळाने सुरक्षित केलेली असते. पोस्टाच्या बचतीमागे केंद्र सरकार उभे असते. फोन हातातून निसटून फरशीवर आपटला, तर त्यामागे कोणीच उभे नसते.

खरा रंग की चढवलेला रंग

छंद म्हणून फोन घ्यायचाच असेल, तर निदान फसू नका. लाटांच्या फोनला भाव येतो म्हटल्यावर तो बनवणारेही निघतात. साध्या काळ्या फोनवर रंग चढवणे, नव्या राळेत खोके ओतणे, वेगवेगळ्या फोनचे भाग जोडून एक फोन उभा करणे असे प्रकार होतात. "राजेशाही" म्हणून विकले जाणारे चकचकीत पितळी फोन तर बहुधा शोभेसाठी नव्याने बनवलेले असतात. घेण्यापूर्वी एवढे तपासा:

- खालची पाटी उघडून खोक्याची आतली बाजू पाहा. लाटा प्लास्टिकमध्येच असतील तर त्या आतूनही दिसतात. रंग फक्त बाहेर असेल तर तो चढवलेला आहे.
- स्क्रूच्या भोकांच्या आणि तुटलेल्या कडेच्या आत डोकावा. वेगळा रंग दिसला की खोटेपणा उघडा पडतो.
- बेकेलाइट अंगठ्याने जोरात घासून गरम केले की कार्बोलिक साबणासारखा उग्र वास येतो. अमेरिकन फोनमधल्या एका जुन्या प्लास्टिकला खवट लोण्यासारखा वास येतो. नव्या राळेला हे वास नसतात.
- रिसीव्हर, खोके आणि डायल यांच्यावरचे कारखान्याचे शिक्के व वर्षे एकमेकांशी जुळतात का ते बघा.
- तडे, चिकटवलेले तुकडे, आक्रसलेले खोके शोधा. एक तडा किंमत निम्म्यावर आणू शकतो.
- "चालू आहे" असे सांगितले तर चालवून दाखवायला सांगा. डायलचा फोन आकड्याइतके विजेचे ठोके देतो, एकला एक आणि शून्याला दहा. आजच्या अनेक जोडण्यांना हे ठोके कळत नाहीत. घंटी वाजेल, बोलणेही होईल, पण नंबर लागणार नाही.

"लाखो रुपये देणारा" खरेदीदार

जुन्या वस्तूंच्या बाबतीत सर्वांत मोठे नुकसान वस्तू स्वस्तात विकल्याने होत नाही. ते होते लाखांच्या आशेने आधी पैसे भरल्याने. निरोप येतो, "तुमच्याकडचा जुना फोन आम्ही आठ लाखांना घेतो. फक्त नोंदणीचे १,१०० रुपये भरा." ते भरले की कराचे ९,००० मागतात. मग विम्याचे, मग ‘ना हरकत प्रमाणपत्रा’चे. फोन घरातच राहतो आणि बचत निघून जाते.

जुन्या नोटा आणि नाण्यांच्या नावाखाली हा प्रकार इतका वाढला की रिझर्व्ह बँकेला ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा द्यावा लागला. आपण असे व्यवहार करत नाही, त्यासाठी कोणाकडून शुल्क किंवा कमिशन मागत नाही आणि कोणाला तसा अधिकारही दिलेला नाही, असे बँकेने स्पष्ट सांगितले.

अफवेने भाव कसा फुगतो याचेही एक उदाहरण पाहा. २००९ मध्ये सौदी अरेबियात बातमी पसरली की जुन्या सिंगर शिलाई मशीनमध्ये ‘लाल पारा’ नावाचा अनमोल पदार्थ असतो. लोक भलत्या किमती देऊन जुनी मशिने घेऊ लागले. मशीनमध्ये तसे काही नव्हते. ज्यांनी शेवटी घेतली, त्यांच्याकडे फक्त जुनी मशिने राहिली. तुमच्या फोनच्या, रेडिओच्या किंवा मशीनच्या ‘आत’ काहीतरी मौल्यवान आहे असे कोणी सांगितले, की बोलणे तिथेच थांबवा.

नियम एकच: खरा खरेदीदार पैसे देतो, मागत नाही. पैसे घेण्यासाठी पिन किंवा ओटीपी लागत नाही, क्यूआर कोडही स्कॅन करावा लागत नाही. फसवणूक झालीच, तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा आणि आपल्या बँकेला कळवा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम थांबवली जाण्याची शक्यता जास्त.

दुसरा सापळा गटाचा. "आम्ही सगळ्यांकडून पैसे गोळा करून दुर्मीळ वस्तू घेतो, वर्षाला ठरावीक परतावा देतो," असे कोणी म्हणाले, तर तो छंद राहत नाही. सामूहिक गुंतवणूक योजनेला सेबीची नोंदणी लागते, आणि विनापरवाना ठेवी गोळा करण्यावर २०१९ च्या कायद्याने बंदी आहे. नोंदणी आहे का, ते सेबीच्या यादीत किंवा रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ संकेतस्थळावर पाहा.

कायदा आणि कर थोडक्यात

दुकानदार ‘अँटिक’ म्हणतो म्हणून वस्तू पुरातन ठरत नाही. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात साधारणपणे किमान शंभर वर्षे जुनी वस्तू धरली जाते, आणि ती परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. बाजारात दिसणारे डायलचे फोन बहुतेक त्याहून अलीकडचे असतात.

कराच्या बाबतीत, कुटुंबाच्या स्वतःच्या वापरातल्या घरगुती वस्तू सहसा भांडवली मालमत्तेत धरल्या जात नाहीत. दागिने, चित्रे, शिल्पे, कलाकृती यांना मात्र ही सूट नाही. घरातला एखादा जुना फोन विकणे आणि महिन्याला दहा फोन घेऊन विकणे यात फरक आहे. दुसरा प्रकार धंद्यात मोडतो आणि त्याचे उत्पन्न दाखवावे लागते. रक्कम मोठी असेल तर कर सल्लागाराला विचारा.

छंद करायचा तर असा करा

छंद वाईट नाही. पुण्यात दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, वाद्ये, घरगुती भांडी अशा हजारो वस्तू जन्मभर जमवल्या आणि तो संग्रह अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने उभा करून शेवटी राज्याच्या स्वाधीन केला. राजा दिनकर केळकर संग्रहालय आज आपण पाहतो, ते या वेडापायी. त्या संग्रहाचे मोल पैशात मोजून तो केलेला नव्हता. छंदाकडे असेच पाहावे आणि बचत वेगळी ठेवावी.

१. आधी सहा महिन्यांच्या घरखर्चाइतकी रक्कम बँकेत, आरोग्य विमा आणि चालू हप्ते. त्यानंतर छंद.

२. महिन्याच्या करमणुकीच्या खर्चातूनच छंदाचे पैसे काढा. ते पैसे खर्च झाले असे समजा. पुढे काही परत आले तर तो नफा.

३. छंदासाठी कर्ज काढू नका, क्रेडिट कार्डावर हप्ते बांधू नका, मुदत ठेव मोडू नका.

४. प्रत्येक वस्तूची पावती, तारीख, किंमत आणि फोटो एका वहीत ठेवा. तुमच्यामागे ती वस्तू कोणाकडे जावी आणि अंदाजे किती किमतीची आहे, हेही लिहा. नाहीतर वारस ती चारशे रुपयांना भंगारात घालतील, नाहीतर पंचेचाळीस हजारांच्या आशेवर एकमेकांशी अबोला धरतील.

५. सुंदर वाटली म्हणून घ्या. फक्त "भाव येईल" एवढेच कारण असेल, तर घेऊ नका.

काशीच्या त्या तिघा भावंडांनाही हाच मार्ग सोयीचा आहे. तीन व्यापाऱ्यांना विचारून फोनची आजची किंमत ठरवावी. ज्याला तो मनापासून हवा आहे, त्याने तेवढी रक्कम वाटणीत वळती करून फोन घ्यावा. कोणालाच नको असेल तर विकून पैसे तिघांत वाटावेत. आणि खणातली पासबुके घेऊन आधी बँकेत जावे, कारण तिथे रक्कम असेल तर ती कोणाच्या हौशीवर अवलंबून नाही, ती व्याजासह नोंदलेली आहे.